कोरडी चरबी

सेंत-झेनोबी, बोस
मार्चचा शेवटचा मंगळवार

प्रिय गेतान,

अनेक आशीर्वाद. तुझं कार्ड पोचलं. तिकडे अल्बर्टात अजून नाक गोठतंय म्हणतोस. इथे दिवसा वितळतं आणि रात्री गोठतं, म्हणजे मेपलच्या रसाला हवं तसंच. माझा गुडघा आहे तसाच आहे, कोंबड्या पुन्हा अंडी घालायला लागल्यात आणि पापा बरे आहेत. त्यांच्या डोळ्यांचं विचारलंस, तर समोर कुणीतरी उभं आहे एवढं कळतं, कोण ते आवाजावरून. हिवाळ्यातल्या तापाने नाक आणि जीभ दोन्ही नेली, ती काही परत आली नाहीत. सुपात मीठ राहिलं तर मी सांगते तेव्हा त्यांना कळतं, आणि मग तेच माझ्यावर डाफरतात.

पाकाचा पहिला डबा अजून कसा आला नाही, असं विचारलंयस. अरे, काय सांगू, आधी झाकणं संपली. मग रस्ता बंद होता. मग पोस्टातली ती बाई रजेवर गेली. पाठवीन.

तोवर इथल्या बातम्या ऐक. रस आटवून पाक करायचं आपलं साखरघर तुला आता ओळखू येणार नाही. तुझ्या वहिनीने आढ्याला प्लॅस्टिकची लाल पानं ठोकलीयत. मेपलची. मार्चमध्ये! बाहेर झाडं उघडीबोडकी आणि आत ऑक्टोबर. मी म्हटलं, "मानोन, रस निघतो तेव्हा झाडावर पान नसतं, एवढं तरी लोकांना कळू दे." तर म्हणते, "ताई, लोक पानं बघायला येतात." शी! कर्ण्यावर सकाळपासून फिडल लावलेलं असतं, तीच चार गाणी. पापांना लाल चौकड्यांचा शर्ट आणि कमरेला विणलेला रंगीत पट्टा. जन्मभर गॅलिस लावलेला माणूस! सकाळी मी पट्टा बांधते तेव्हा ते हात वर करून उभे राहतात आणि मला त्यांच्याकडे बघवत नाही.

बर्फाचं तर बोलूच नकोस. अंगणातला बर्फ गाड्यांनी काळा होतो, म्हणून तुझा दादा रेजाँ गावातल्या हॉकीच्या मैदानावरचा खरवडलेला बर्फ ट्रकने आणतो. हॉकी खेळणाऱ्या पोरांच्या थुंकीचा बर्फ! त्यावर गरम पाक ओततात, काडीला गुंडाळतात आणि लोक डोळे मिटून चोखतात. परवा एका गृहस्थांची कवळी त्या चिकट गोळ्यात अडकून बाहेरच आली. त्यांनी ती काडीवरून सोडवली, सगळ्यांदेखत चाटून साफ केली आणि परत बसवली. बायको म्हणाली, "वाया नको घालवूस हं." चर्चचे फादरपण येऊन चोखून गेले. मी त्यांना बर्फाचं काही सांगितलं नाही. देवाच्या माणसाला देव सांभाळेल.

एक गोष्ट मात्र मानोनला हलवता आली नाही. काहिलीवरची चरबी. कुणी शहरातली बाई नाकाला रुमाल लावून विचारत होती, "अहो, हे काय लोंबतंय दोरीला? डुकराचं आहे?" पापा म्हणाले, "डुकराचंच. तुमच्याकडे दूध उतू जायला लागलं की काय करता?" "गॅस बंद करते." "लाकडं बंद होत नाहीत, बाईसाहेब. रस फुगून वर आला की या चरबीला शिवतो आणि मुकाट्याने खाली बसतो. माझ्या आजोबांपासून हीच कोतवाली चाललीय." लोक हसले. मानोन मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, त्यांना समजवा ना, फेस मारायचे थेंब मिळतात आता बाटलीत. हे किती घाण दिसतं." पापांनी ऐकलं. "चरबी जाईल त्या दिवशी मीपण जाईन," म्हणाले. मग तिने पुन्हा थेंबांचं नाव काढलं नाही.

त्यांनी स्वतःच चाचपत टांगली, पहिल्या दिवशी, घरातल्या थोरल्याने टांगायची म्हणून. हंगाम संपला की धाकट्याने उतरवायची, हे तुला सांगायला नको. तू गेल्यापासून दरवर्षी मी तुझ्या नावाने स्टुलावर चढते आणि दरवर्षी ते खालून म्हणतात, "गेतान जाड झालाय."

पुरे माझं गुऱ्हाळ. पाक कसा झालाय ते मात्र विचारू नकोस. पाठवीन म्हटलं ना.

पायमोजे पाठवलेत ते घाल. नुसते ठेवून देऊ नकोस.

तुझी ताई,
लिसेत


सेंत-झेनोबी
ईस्टरनंतरचा दुसरा सोमवार

गेतान,

तुझा फोन आला तेव्हा मी "हॅलो हॅलो, ऐकू येत नाही" करून ठेवून दिला. सगळं ऐकू येत होतं. "ताई, डब्याचं काय झालं?" असं तू विचारलंस आणि माझं डोकं सणकलं. फोनवर बोलले असते तर भलतंच बोलले असते. म्हणून लिहिते. खुर्चीत नीट बस.

डबा आला नाही कारण डबा नाही. या वर्षी आपण पाक केलेलाच नाही.

रेजाँने जानेवारीत तुला फोन केला होता. जंगलातला सगळा रस डोंगरावरच्या मोठ्या कारखान्याला देऊ का, म्हणून. आणि तू म्हणालास, "बघा, तुम्हाला बरं वाटेल ते करा." हे मला त्याने तोंड वर करून सांगितलं, "गेतानची काही हरकत नाही." आता झाडाला लावलेली नळी साखरघराच्या पाठीमागून थेट डोंगरावर जाते. मग तू डबा कुठला मागतोयस, बाळा? मागच्या पत्रात मी झाकणं आणि पोस्टातली बाई लिहीत बसले, कारण खरं लिहायला घेतलं की कागद फाडून टाकत होते.

पण रस विकला हे एक वेळ मी गिळलं असतं. लोक विकतात. लाकडं फोडायला आता कुणाच्या कमरेत जोर आहे? पुढचं तुला सांगितलेलं नसणार, म्हणून सांगते.

पापा या वर्षी पाणी उकळत होते.

पुन्हा वाच हवं तर. पहिल्या दिवशी मी लाकडं द्यायला मागच्या दाराने गेले, तर रेजाँ टाकीत बागेचा पाइप सोडून उभा. मला वाटलं, धुतोय. "अरे, आता धुवायचं असतं का? रस कुठे ओतणार?" म्हटलं. तो हसला. त्याचं ते हसणं माहिताय ना तुला, लहानपणी मांजराच्या शेपटीला डबा बांधून हसायचा ते. "रस कुठलाय, ताई? आत वाफ दिसली म्हणजे झालं. वासासाठी थोडा पाक टाकतो." मी म्हटलं, "आणि पापा?" "पापांना काय कळतंय? ना दिसत, ना वास येत. आगीजवळ उभे आहेत, लोक फोटो काढतायत, खूश आहेत. तुझं काय जातंय?" मानोन म्हणाली, "ताई, उलट त्यांच्या तब्येतीला चांगलं आहे हे."

तब्येतीला चांगलं! मला असं वाटलं की तो पाइप घ्यावा आणि दोघांच्या तोंडात सोडावा.

आणि पुढची किळस ऐक. दुपारी गर्दी जमली की मानोन कारखान्यातून आणलेला तयार पाक शेवटच्या काहिलीत हळूच ओतायची. रेजाँ पापांच्या हातात पळी द्यायचा. ते पळी उचलून तिरकी धरायचे, जन्मभर धरली तशी, आणि रेजाँ ओरडायचा, "पदर सुटला! पदर सुटला!" आठवतं का, आपण पोरं ओरडायचो ते? पाक थेंबथेंब न पडता पळीच्या कडेला सलग लोंबला की आई पावाचं पीठ तसंच टाकून धावत यायची. तोच शब्द त्याने वापरला. तिकीट काढून आलेले लोक टाळ्या वाजवायचे आणि पापा त्या टाळ्यांच्या दिशेला मान हलवायचे. भाऊ आहे म्हणून काय झालं, थू त्याच्यावर.

मी काय केलं विचारशील. काही नाही केलं. रोज पट्टा बांधून देत होते. सांगितलं तर त्यांचं काळीज फुटेल, असं मनाला सांगत होते. स्वतःचीपण तेवढीच किळस आली, हे लिहून टाकते म्हणजे झालं.

ईस्टरच्या आदल्या सोमवारी साखरघर बंद होतं. पापा म्हणाले, "चल, मला तिकडे ने आणि स्टूल धर." मला वाटलं पळी विसरली. ते स्टुलावर चढले, या वयात! मी पाय धरून उभी. त्यांनी दोरी चाचपली, चरबी मुठीत धरली, बोटांनी सगळीकडून दाबून बघितली. मग खाली उतरले आणि बाकावर बसले.

"लिसेत, चरबी कोरडी आहे."

मी स्टूल भिंतीशी सरकवलं.

"जशी टांगली तशी. मीठसुद्धा गेलेलं नाही वरचं."

"यंदा रस पातळ आहे, पापा. फेस कमी येतो," मी म्हटलं. बघ माझी जीभ कशी वळली!

"पातळ? अगं, नळाचा आहे." आणि मग आपल्याकडच्या रीतीने चर्चमधल्या सगळ्या भांड्याकुंड्यांची नावं घेऊन अशी एक शिवी हासडली की आई असती तर तीन दिवस जेवायला वाढलं नसतं. "रस फुगतो तेव्हा बोलतो, खालून कुजबुजत वर येतो. हे नुसतं खळखळत होतं, बटाटे उकडल्यासारखं. मला दुसऱ्याच दिवशी कळलं. चरबी आज फक्त खात्रीसाठी बघितली."

"दुसऱ्या दिवशी? मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर रेजाँने घरी खिडकीपाशी नेऊन बसवलं असतं. खिडकीतून मला काय दिसतं? तिथे निदान आग असते." मग म्हणाले, "टाळ्या वाजवतात ना, तेव्हा मात्र लाज वाटते गं. जत्रेतलं अस्वल झालोय."

गेतान, मी रडले नाही. मला इतका राग आला होता की रडू येईना. मी म्हटलं, "पापा, रस्त्यालगतची जुनी झाडं नळीवर नाहीत." ते म्हणाले, "तोट्या कोठारात आहेत. गिरमिट माझ्या पलंगाखाली आहे." पलंगाखाली, बघ! बायकोच्या फोटोच्या पेटीशेजारी माणूस गिरमिट घेऊन झोपतो.

मी भोकं पाडली, त्यांनी हाताने चाचपून जागा दाखवल्या. मागच्या वर्षीच्या खुणेच्या वर आणि थोडं बाजूला, झाडाला दुखू नये तिथे. जुन्या पत्र्याच्या बादल्या टांगल्या. त्यांनी विचारलं, "कळ्या फुगल्यात का?"

मी वर बघितलं. फांद्या लालीलाल झालेल्या. कळ्या फुगल्यावर काढलेला रस कसा बिघडतो ते आपल्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. आजोबा असते तर मला काठीने हाकललं असतं.

"नाही, पापा. अजून बंद आहेत," मी म्हटलं.

साखरघरात उकळणं शक्य नव्हतं, म्हणून स्वयंपाकघरातच चुलीवर दोन मोठी पातेली चढवली. गुड फ्रायडेचा दिवस. रेजाँ-मानोन त्यांच्या नव्या घरात शनिवारच्या गर्दीच्या तयारीत. जुन्या घराच्या या स्वयंपाकघरात मानोनने गेल्या वर्षी निळ्या फुलांचा भिंतीचा कागद लावलाय, पाहुण्यांना खोल्या भाड्याने द्यायच्यात म्हणे पुढेमागे. दुपारपर्यंत वाफेने तो कागद सुटून लोंबायला लागला. चारही भिंतींचा. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

आणि मग रस चढला. खरंच कुजबुजत. पापा ओरडले, "चरबी! चरबी कुठाय?" साखरघरातली उतरवायची नाही, ती धाकट्याची. मी घेवड्याच्या भांड्यातला खारवलेल्या डुकराचा तुकडा उपसला, सुतळीला बांधला, टेबलावर चढून दिव्याच्या हुकाला अडकवला आणि चुलीवरच्या पातेल्यावर ओढून धरला. फेस पातेल्याच्या काठाशी आला, त्याहून वर आला, चरबीला शिवला आणि स्स् करून खाली बसला. पापांनी हात वर करून चरबी धरली. ओली. बोट भाजलं तरी सोडेनात. हसत होते की रडत होते, मला कळलं नाही. मी बघायचं टाळलं.

संध्याकाळी मी पळी तिरकी धरली आणि त्यांच्या हातात दिली. कुणी ओरडलं नाही. त्यांनीच हळू म्हटलं, "पदर आलाय गं."

मग मी चाखला.

गेतान, इतकं घाण काही मी जन्मात तोंडात घातलं नाही. ओल्या कुत्र्याचा वास, कोबी उकडलेलं पाणी आणि त्यात गोड. जिभेवरून जाईना. सिंकपाशी धावले. पापा त्या बाजूला तोंड करून बसलेले, दोन्ही हात टेबलावर. "कसा झालाय?" विचारलं.

खोटं बोलणं किती सोपं होतं. उत्तम झालाय पापा, एवढंच म्हणायचं, त्यांना कुठे कळणार होतं? रेजाँचंही तेच म्हणणं होतं, त्यांना कुठे कळतंय. ते आठवलं आणि पाकापेक्षा जास्त मळमळलं.

"घाण आहे, पापा," मी म्हटलं. "तोंडात धरवत नाही. कळ्या फुगलेल्या होत्या. मी तुमच्याशी खोटं बोलले."

त्यांनी टेबलावरची पळी चाचपली. मग विचारलं, "कळ्यांचाच वास? नक्की?"

"नक्की."

"म्हणजे झाडाचाच आहे तर," म्हणाले, आणि असे हसले की त्यांना ठसका लागला.

तेवढ्यात रेजाँ दारातून आत. नाकावर हात. "हे काय? उंदीर मेलाय का घरात?" मग त्याला भिंती दिसल्या. मग पातेली. मग दिव्याला लोंबणारी चरबी. पापांनी पळी त्याच्या आवाजाच्या दिशेला पुढे केली. "ये. चाख. तुझ्या आजोबांनी डुकरांनाही दिला नसता, पण नळाचा नाही." रेजाँचा चेहरा लाल झाला, कानापर्यंत. मला वाटलं आता काहीतरी बोलेल, निदान "पापा" तरी म्हणेल. तो म्हणाला, "कागदाचं मानोनला काय सांगू मी?" आणि गेला.

पापांनी शनिवारी लाल शर्ट घातला नाही. मला वाटलं, आता तरी त्या दोघांना लाज वाटेल. कसली लाज! त्यांनी निवृत्त पोस्टमन आणून उभा केला. तोच पट्टा, तोच शर्ट, वर चिकटवलेली दाढी. टाळ्या तेवढ्याच पडल्या म्हणे. शी, शी, शी.

आता नीट ऐक. या पत्रासोबत एक छोटी बाटली आहे, चार जुन्या मोज्यांत गुंडाळलेली. तो तुझा पहिला डबा. काळा आहे आणि घाण आहे. चमचाभर तोंडात घे आणि थुंकायचं नाही. "बघा, तुम्हाला बरं वाटेल ते करा" याची चव कशी लागते ते तुला कळायला हवं. रेजाँ शरदात तुला पुन्हा फोन करणार आहे, या वेळी पुढच्या सगळ्या वर्षांचा रस विकू का, म्हणून. मी नाही म्हटलंय. पापांनीही नाही म्हटलंय. तुझं तोंड फक्त मोजे मिळाल्याचं कळवण्यापुरतं नाही.

आणि एक काम राहिलंय. दिव्याची चरबी पापा मला काढू देत नाहीत. "हंगाम झालाय, आता धाकट्याचं काम," म्हणतात. मी म्हटलं, "दरवर्षी मीच काढते की." तर म्हणाले, "दरवर्षी चालवून घेतलं. यंदा नाही." ती जेवणाच्या टेबलावर बरोबर मधोमध लोंबते. पिवळी पडलीय, माश्या बसतात, कधी थेंब गळतो. मला घास जात नाही. त्यांच्या नाकाला काही कळत नाही, म्हणून ते तिच्याखाली बसून खुशाल जेवतात आणि रोज एकदा हात वर करून आहे ना ते बघतात.

दिवस तापायला लागलेत. ती फार टिकणार नाही, आणि तेही चौऱ्याऐंशीचे आहेत.

स्टूल खालीच ठेवलंय.

वाट बघत आणि नाक धरून बसलेली,
लिसेत